सांगितलं तर फोन जाईल

3 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जागरूकता महिन्याचं उद्घाटन झालं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि पोलीस अधिकाऱ्यांसमोर अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या घरात घडलेला एक प्रसंग सांगितला. त्यांची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती. अनोळखी माणसांबरोबर खेळता येतो, अशातला तो गेम. समोरच्याने आधी खेळाचं कौतुक केलं. मग विचारलं, कुठची? मुंबई. पुढचा प्रश्न, मुलगा की मुलगी? मुलगी. आणि त्यानंतर थेट नग्न फोटोची मागणी. मुलीने तिथल्या तिथे गेम बंद केला आणि जाऊन आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बातम्यांचे मथळे त्या मागणीवर होते. पण पालकांनी बघावं असं काही असेल तर ते शेवटचं वाक्य आहे. मुलगी उठली आणि आईकडे गेली.

ऑगस्ट 2021 मध्ये याच मुंबईत दुसरा प्रसंग घडला होता. जोगेश्वरीतल्या 16 वर्षांच्या एका मुलाने पबजीच्या नादात आईच्या खात्यातून सुमारे 10 लाख रुपये खर्च केले. घरी कळल्यावर आईवडील रागावले आणि तो चिठ्ठी लिहून घर सोडून निघून गेला. पोलिसांनी त्याला अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या परिसरात शोधून काढलं, समुपदेशन केलं आणि आईवडिलांच्या ताब्यात दिलं. 10 लाख एका दिवसात जात नाहीत. पहिले काही हजार गेले, तेव्हाच त्या मुलाने घरात तोंड उघडलं असतं, तर गोष्ट तिथेच थांबली असती. तो का बोलला नसेल, हे ओळखायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. या दोन घरांची तुलना कुणाला दोष द्यायला केलेली नाही. दोन्ही मुलांचं वय वेगळं, प्रकरण वेगळं. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता: काहीतरी बिघडलंय हे मूल घरात सांगू शकतं का?

मुलाचा हिशेब अगदी सरळ असतो. सांगितलं तर फोन जाईल. आई ओरडेल, बाबा फोन कपाटात ठेवतील आणि वर्गातल्या ग्रुपवर आपण नसू. शिवाय चूक थोडी आपलीही असते. नको म्हटलेला गेम टाकलेला असतो, खोटं वय घातलेलं असतं, अनोळखी माणसाला उत्तर दिलेलं असतं. फसवणारा याच भीतीवर जगतो. त्याला मुलाचा पासवर्ड लागत नाही, मुलाचं गप्प राहणं लागतं. म्हणून मुलांच्या फोनची सुरक्षा कुठल्याही सेटिंगच्या आधी घरातल्या एका हमीपासून सुरू होते: काहीही झालं तरी आधी सांग, सांगितल्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही. ही हमी द्यायची आणि वेळ आल्यावर पाळायची. एकदा जरी मोडली, तरी मूल पुन्हा सांगायला येत नाही.

आईचा फोन

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आले. तोवर ज्या घरांत मुलांच्या हातात फोन द्यायचा की नाही यावर चर्चा चालायची, तिथे ती चर्चाच संपली. गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर, धडे यूट्यूबवर, स्वाध्याय दीक्षा अ‍ॅपवर. शाळा परत उघडल्या, पण फोन काही मुलांच्या हातातून परत गेला नाही.

तो किती पसरला आहे, हे ‘असर’च्या 2024 च्या अहवालात दिसतं. मुंबईत सुरू झालेली ‘प्रथम’ ही संस्था ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन ही पाहणी करते. 14 ते 16 वयोगटातल्या सुमारे 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि 82 टक्के मुलांना तो वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुलं 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. या पाहणीत सुरक्षेबद्दलही विचारलं होतं. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी 62 टक्के मुलांना एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ठाऊक होतं, आणि खातं खासगी कसं ठेवायचं हे 55 टक्क्यांना. म्हणजे साधारण दहातल्या चार मुलांना त्रास देणाऱ्याला दूर कसं सारायचं हेच माहीत नाही, आणि तरी ती रोज तिथे वावरत आहेत.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत लहान मुलाचा स्वतःचा फोन नसतो. तो आईचा किंवा बाबांचा असतो, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. त्याच फोनवर गॅसचं बुकिंग, बँकेचे मेसेज, यूपीआय, ऑफिसचे ग्रुप आणि घरचे सगळे फोटो. मूल गेम खेळताना वरून ओटीपी येतो, तोही त्याला दिसतो. यावर अँड्रॉइड फोनमध्ये एक सोपी सोय आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात अ‍ॅप पिन करण्याचा पर्याय असतो. काही फोनमध्ये त्याचं नाव स्क्रीन पिनिंग असं असतं. तो चालू करून गोष्टींचं अ‍ॅप पिन केलं, की मुलाला त्या अ‍ॅपमधून बाहेर पडता येत नाही. बाहेर यायला फोनचा पिन विचारला जाईल, अशीही व्यवस्था करता येते. आई पोळ्या करत असताना मूल गोष्टच बघतं, बँकेच्या अ‍ॅपपर्यंत पोचत नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारण्याची सोय आहे, तीही चालूच असावी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी घातली, पण साध्या गेममध्ये डायमंड, बंदुका आणि पोशाख विकत घेणं सुरूच आहे.

दुसरी अडचण पालकांच्या लक्षातच येत नाही. कंपन्यांनी मुलांसाठी काही संरक्षणं ठेवली आहेत. यूट्यूबवर 18 वर्षांखालच्या खात्यांना एकामागून एक व्हिडिओ आपोआप लागणं मुळातच बंद असतं. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी 2025 पासून भारतात किशोरांची खाती वेगळी केली. ती आपोआप खासगी राहतात, ओळखीबाहेरच्यांचे मेसेज येत नाहीत, एक तास झाला की आठवण करून दिली जाते, रात्री 10 ते सकाळी 7 सूचना बंद राहतात आणि 16 वर्षांखालच्या मुलाला हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. पण हे सगळं अवलंबून आहे जन्मतारखेवर. मूल आईच्या खात्यावरून यूट्यूब बघत असेल, तर यूट्यूबच्या लेखी बघणारी पस्तिशीची बाई आहे. पाचवीतल्या मुलीने इन्स्टाग्राम उघडता यावं म्हणून जन्मसाल 2000 टाकलं, तर तिच्यासाठी केलेली एकही सोय तिच्या वाट्याला येत नाही. तेराच्या आत खातं उघडायचं नाही आणि तेरानंतर उघडलं तर खरी तारीख घालायची, हा नियम घरात ठरलेला असावा. पुष्कळदा खोटी तारीख मोठ्या भावाने किंवा खुद्द बाबांनीच घालून दिलेली असते.

विहिरीत उतरवताना

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांच्या पडद्यासमोरच्या वेळेबद्दल सूचना दिल्या. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नंतर भारतासाठी आपलं मार्गदर्शन दिलं. दोन वर्षांच्या आत पडदा नको. लांबच्या आजीशी कधीतरी व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्या माणसाच्या सोबतीने. पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत. जेवताना भरवण्यासाठी फोन देणं हे तर या वयात सर्वांत आधी सोडायला हवं.

तासांचा हिशेब लहानपणी पुरतो. पुढे तो पुरत नाही, कारण आठवीतली मुलगी दोन तास चित्रकला शिकत असेल किंवा दोन तास कुणा अनोळखी माणसाशी बोलत असेल. तिथे शिकवण्याची गरज लागते. गावाकडे मुलांना पोहायला शिकवताना पाठीला सुकलेला भोपळा किंवा डबा बांधतात, काका किंवा मामा पाण्यात शेजारी असतात आणि जमू लागलं की आधार हळूहळू कमी करतात. फोनचंही तसंच करायला हवं.

सहा ते नऊ या वयात फोन घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, बाहेरच्या खोलीत. या वयात मुलाला एवढं पाठ असावं: आपलं पूर्ण नाव, पत्ता, शाळा आणि फोन नंबर आईबाबांना विचारल्याशिवाय कुणाला द्यायचे नाहीत. दहा ते बाराच्या दरम्यान पासवर्ड म्हणजे काय, तो जिवलग मैत्रिणीलाही का द्यायचा नाही, हे सांगता येतं. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे मिळवताना कधीच लागत नाही, हेही याच वयात कळतं. बक्षीस मिळालंय, पिन टाका असं कुणी म्हणालं की तो लुटारू, एवढी खूण मुलाला पक्की बसते, आणि मग तेच मूल घरातल्या आजोबांना वाचवतं. तेरानंतर गूगलच्या फॅमिली लिंकसारख्या अ‍ॅपची देखरेख मुलाला सांगून असावी. चोरून मेसेज वाचणारे पालक एक ना एक दिवस पकडले जातात, आणि त्या दिवसापासून मूल दुसरं खातं उघडतं.

फोटोंचा धडा प्रत्यक्ष दाखवून द्यावा. मुलाचाच एखादा फोटो पडद्यावर मोठा करून विचारावं, यातून अनोळखी माणसाला काय काय कळेल? गणवेशाच्या खिशावरचा बिल्ला, मागे इमारतीच्या नावाची पाटी, स्कूटरचा नंबर, खिडकीतून दिसणारं देऊळ. मुलं हा खेळ मन लावून खेळतात आणि मोठ्यांच्या नजरेतून सुटलेलं नेमकं शोधतात. त्यानंतर आईबाबांनी स्वतः टाकलेले फोटो उघडावेत. बारशापासून शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंत मुलाची सगळी ओळख पुष्कळदा पालकांनीच जगासमोर मांडलेली असते. एकदाच बघता येईल असा पाठवलेला फोटोही दुसऱ्या फोनने टिपता येतो, हे मुलांना करून दाखवलं तर लगेच पटतं.

कौतुक करणारा दादा

मुलांना अनोळखी माणसाशी बोलू नको म्हणून सांगितलेलं असतं. पण गेममध्ये तीन आठवडे एका संघात खेळलेला माणूस मुलाला अनोळखी वाटत नाही. म्हणून माणूस कोण हे ओळखायला शिकवण्यापेक्षा त्याची चाल ओळखायला शिकवावं. ती चाल बहुतेक वेळा एकाच क्रमाने जाते. आधी कौतुक, मग भेट, मग घरात कोण कोण असतं याची चौकशी. मग गेम सोडून दुसऱ्या अ‍ॅपवर बोलायचा आग्रह. मग गुपित: हे आपल्या दोघांतच राहू दे. मग फोटो. आणि फोटो हातात आला की धमकी.

समजा, स्वयंपाकघरात दहा वर्षांची मुलगी फोन घेऊन येते.

“आई, या गेममध्ये एक दादा आहे. तो मला फुकट डायमंड देतो म्हणतोय.”

“हो का? बघू गं, काय लिहिलंय त्याने?”

“व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागतोय. आणि कुणाला सांगू नको म्हणतोय.”

“बरं झालं लगेच सांगितलंस. डायमंड तर गेममध्येच देता येतात, मग त्याला तुझा नंबर कशाला हवा असेल?”

या ठिकाणी आईने फोन हिसकावला, तर संवाद संपला. ती विचारते, तेव्हा मुलगी स्वतः विचार करू लागते. पुढच्या वेळी आई स्वयंपाकघरात नसेल, तरी ‘कुणाला सांगू नको’ हे वाक्य आलं की तिला धोका जाणवेल. मग दोघींनी मिळून त्या खात्याला रिपोर्ट करावं, ब्लॉक करावं आणि गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी लोकांशी बोलणं बंद करावं. हे सगळं करणारे हात मुलीचे असावेत, आईने नुसतं शेजारी बसावं.

आता फोटो द्यावाच लागतो असंही नाही. साध्या चेहऱ्याच्या फोटोवरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने अश्लील चित्र बनवलं जातं. म्हणून मुलींना ‘तू फोटो टाकलासच का’ असं विचारणं चुकीचं तर आहेच, शिवाय त्याने काही वाचतही नाही. आणि ही गोष्ट फक्त मुलींची नाही. फोटोवरून पैसे उकळणारे किशोरवयीन मुलग्यांनाही गाठतात, आणि मुलगे तर आणखी कमी बोलतात.

गावाचा भोंगा आणि देशाचे कायदे

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथे 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला शिक्षक, आशा सेविका आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून आठवण करून देत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाच्या ग्रामसभेने 18 वर्षांखालच्या मुलांच्या मोबाइल वापरावरच बंदीचा ठराव केला.

दोन्ही गावांनी मुलांच्या काळजीपोटीच पाऊल उचललं, पण दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. वडगावचा नियम मोठ्यांनाही लागू होता. बाबा सोफ्यावर रील बघत असताना मुलाला फोन ठेव म्हणण्यात जो खोटेपणा आहे, तो तिथे उरत नाही. सरसकट बंदीत मात्र एक धोका आहे. बंदी मोडून फोन वापरणारा मुलगा संकटात सापडला, तर तो कुणाला सांगणार? ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली, पण ती जबाबदारी कंपन्यांवर टाकली. शिक्षा मुलांना किंवा पालकांना नाही.

भारतात 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची खातरजमा केलेली संमती हवी, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवणं या कायद्याला मान्य नाही. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायदा पूर्ण लागू होईपर्यंतचा काळही घरांना आणि शाळांना सांभाळावा लागणार आहे. अक्षय कुमार यांनी त्या कार्यक्रमात सातवी ते दहावीच्या वर्गांसाठी आठवड्याला एक सायबर तास असावा, अशी मागणी केली होती. ती रास्त आहे. मात्र आईच्या फोनवर गेम खेळणारं मूल दुसरी-तिसरीतच असतं, तेव्हा हा तास सातवीच्या बराच आधी सुरू व्हायला हवा.

घडलंच तर

मूल घाबरून सांगायला आलं, तर पहिलं वाक्य ‘सांगितलंस ते बरं केलंस’ हेच असावं. चौकशी नंतर.

मग काही गोष्टी करायच्या नाहीत. पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसायचं नाही, खातं बंद करायचं नाही; तो पुरावा आहे. समोरच्याच्या प्रोफाइलचे, त्याच्या नंबरचे, धमकीच्या मेसेजचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मगच ब्लॉक करावं. मुलाचा अश्लील फोटो मात्र पुरावा म्हणून कुणालाही, अगदी नातेवाइकांनाही पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब नुसार मुलांचं असं चित्र पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, आणि अशी सामग्री जवळ बाळगणंही मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात स्पष्ट केलं आहे. वर्गातल्या ग्रुपवर गंमत म्हणून फॉरवर्ड करणाऱ्या मुलांनाही हे माहीत असायला हवं.

पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. इतर तक्रारी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येतात. महिला आणि मुलांविषयीची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. फोटो पसरण्याची भीती असेल, तर अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. फोनवरच त्या फोटोचा एक सांकेतिक आकडा तयार होतो आणि फक्त तो आकडा सहभागी कंपन्यांकडे जातो. त्यावरून त्या आपल्या मंचावर तोच फोटो शोधून काढू शकतात.

पोलिसांत गेलं तर नाव चव्हाट्यावर येईल, या भीतीने अनेक घरं गप्प बसतात. पॉक्सो कायद्याने याचा विचार केलेला आहे. मुलाची ओळख माध्यमांत देता येत नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. पालकांनी ही कलमं सांगितली, तर ठाण्यातल्या अधिकाऱ्यालाही ती पाळावी लागतात.

आणि एखाद्या मुलाला घरात सांगताच येत नसेल, तर 1098 आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत 1996 मध्ये चाइल्डलाइन म्हणून सुरू झालेली ही हेल्पलाइन आज देशभर चालते, चोवीस तास, मोफत, आणि मूल स्वतः तिथे फोन करू शकतं. दहा, नऊ, आठ असं म्हटलं की पहिलीतल्या मुलाच्याही लक्षात राहतं. आईबाबांचे नंबर मुलांना पाठ करून घेतो, त्याच बैठकीत हा तिसरा नंबर पाठ करून घ्यावा, आणि तो कधी लावायचा हेही सांगावं: आम्हाला सांगायला भीती वाटली तरी, तू गप्प बसायचं नाहीस.